पायऱ्यांवरची सही

माँटपेलिअर ही व्हरमाँट राज्याची राजधानी. आठ हजार वस्तीचं गाव; अमेरिकेच्या पन्नास राजधान्यांत याहून लहान दुसरी नाही. विधानभवनावर सोनेरी घुमट, पुढे हिरवळ आणि दगडी पायऱ्या. ११ एप्रिल २०१८ रोजी या पायऱ्यांवर एक टेबल आणून ठेवलं गेलं. गव्हर्नर फिल स्कॉट तीन विधेयकांवर सही करणार होते, आणि ती आत दालनात न करता चारचौघांत करायची असं त्यांनी ठरवलं होतं.

विधेयकं बंदुकांबद्दलची होती. खासगी विक्रीतही गिऱ्हाइकाची पूर्वतपासणी, एकविसाच्या आतल्यांना विक्रीवर बंधन, जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर मर्यादा, धोकादायक वाटणाऱ्या माणसाची शस्त्रं कोर्टाच्या हुकमानं काढून घेण्याची सोय. व्हरमाँट हे शिकाऱ्यांचं राज्य. बंदुकांचे कायदे तिथं नावापुरते होते. आणि स्कॉट स्वतः रिपब्लिकन, स्वतः बंदूक बाळगणारे, बंदूकवाल्यांच्या संघटनेकडून उत्तम शेरा मिळवलेले. समोर जमलेल्या गर्दीत त्यांना मतं दिलेली माणसं शिकाऱ्यांची नारिंगी जाकिटं घालून उभी होती आणि ‘गद्दार’ म्हणून ओरडत होती. (हा शब्द महाराष्ट्राला समजावून सांगायला नको.)

स्कॉटनी भाषण थांबवलं नाही. तुमचा राग मला समजतो, या सहीमुळे तुमचा पाठिंबा जाईल हेही कळतं आणि ती किंमत मोजायची माझी तयारी आहे, अशा आशयाचं बोलले आणि सही केली.

दोनच महिन्यांपूर्वी हाच माणूस म्हणत होता की कायदे बदलायची गरज नाही. मधे घडलं ते असं. फ्लोरिडात पार्कलँडच्या शाळेत गोळीबार झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी व्हरमाँटच्या फेअर हेवन या छोट्या गावात अठरा वर्षांच्या एका मुलाला अटक झाली. शाळेत गोळीबार करायचा बेत त्यानं लिहून ठेवला होता. पोलिसांचं प्रतिज्ञापत्र गव्हर्नरांच्या हाती आलं. ते वाचून आपण हादरलो आणि आपलं मत बदललं, असं ते नंतर सांगत राहिले. मत बदललं हे राजकारण्यानं उघड कबूल करणं दुर्मीळ असतं. ते का बदललं, हे एका कागदाकडे बोट दाखवून सांगणं त्याहून दुर्मीळ.

पुढच्या ऑगस्टमध्ये पक्षांतर्गत निवडणूक होती. राजकारणात फारसा ठसा नसलेला एक प्रतिस्पर्धी उभा होता. त्यालाही तिसरा हिस्सा मतं पडली. घरातल्यांनी दिलेली ती चपराक होती.

पुढे जाण्याआधी एका शब्दाचा निकाल लावायला हवा. आपल्या वर्तमानपत्रांत अमेरिकेच्या बातम्यांत ‘गव्हर्नर’चं भाषांतर सर्रास ‘राज्यपाल’ असं होतं आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे मलबार हिलवरचं राजभवन येतं. आपला राज्यपाल दिल्ली नेमते. पहाटेचा शपथविधी किंवा बारा आमदारांची दोन वर्षं धूळ खात पडलेली यादी, अशा प्रसंगांतून तो आपल्याला ठाऊक. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी थेट निवडलेला असतो. आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा, पण त्याहून एकाकी. आमदारांच्या बहुमतावर त्याची खुर्ची अवलंबून नसते, त्यामुळे गव्हर्नर एका पक्षाचा आणि विधिमंडळ दुसऱ्या पक्षाचं, असं चित्र तिथं नेहमीचं. आमदार फोडून हा तिढा सोडवायची सोय नाही. चार वर्षं एकमेकांचं तोंड पाहत काढावी लागतात. व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशर या दोन राज्यांत तर दर दोन वर्षांनी निवडणूक.

एका मराठी माणसानं हे पद मिळवायचा प्रयत्न करून पाहिला आहे. बेळगावात वाढलेले, ‘ही श्रीची इच्छा’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिणारे उद्योजक श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागायला उतरले. पदरचे कोटभर डॉलर ओतले आणि तिसरे आले. (आता ते डेट्रॉइटमधून अमेरिकी काँग्रेसमध्ये आहेत.) ती लढत ग्रेचेन व्हिटमर यांनी जिंकली आणि नोव्हेंबरात त्या गव्हर्नरपदी निवडून आल्या. त्यांची घोषणा काय होती? लोकशाही वाचवा नाही, परिवर्तन नाही. ‘हे मेले रस्ते आधी नीट करा’, जवळपास याच शब्दांत आणि याच वैतागात. पुढे पेट्रोलवर कर वाढवायचा त्यांचा प्रस्ताव रिपब्लिकन विधिमंडळानं फेटाळला, तेव्हा २०२० च्या जानेवारीत त्यांनी साडेतीन अब्ज डॉलरचे कर्जरोखे काढून रस्त्यांची कामं सुरू केली. कर्ज काढून रस्ते करणं शहाणपणाचं की नाही, यावर वाद घालता येईल. खड्डा मात्र वाद संपेपर्यंत थांबत नाही.

वॉशिंग्टनमधल्या सिनेटरला एखाद्या प्रश्नावर वीस वर्षं भाषणं देता येतात. प्रश्न तसाच राहिला तरी त्याचं काही अडत नाही, उलट भाषणांना विषय उरतो. गव्हर्नरला ही चैन नाही. बहुतेक राज्यांत अंदाजपत्रक तुटीचं ठेवायला कायद्यानंच मनाई आहे, तेव्हा रोजचा खर्च केंद्र सरकारसारखा कर्जावर ढकलून मोकळं होता येत नाही. बर्फ साचला की त्याला विचारतात. पूल पडला की त्याला विचारतात. अमेरिकेत व्यवहारी राजकारणाचं कौतुक करताना ‘मवाळ स्वभावाची माणसं’ असं म्हणायची रीत आहे. मला तसं वाटत नाही. ही स्वभावाची देणगी कमी आणि नोकरीचा जाच जास्त.

मॅसॅच्युसेट्सचे चार्ली बेकर घ्या. साडेसहा फूट उंचीचा रिपब्लिकन, आधी तोट्यात गेलेली आरोग्यविमा संस्था सावरलेला. राज्य डेमोक्रॅट्सचं, विधिमंडळात त्यांचं प्रचंड बहुमत. बेकर २०१५ च्या जानेवारीत शपथ घेतात आणि तीन आठवड्यांत बोस्टनवर बर्फ कोसळायला लागतो. त्या हिवाळ्यात ११० इंच पडला. नऊ फुटांच्या वर. शहराची लोकल, जिला तिथं नुसतं ‘टी’ म्हणतात, आडवी झाली. १० फेब्रुवारीला रेल्वेसेवा दिवसभर बंद ठेवावी लागली. गोठलेल्या रुळांच्या आणि जुनाट मोटारींच्या या घोळात नव्या गव्हर्नरचा काय दोष? काही नाही. पण फलाटावर कुडकुडणाऱ्या माणसाला हे सांगून बघा.

बेकरनी तज्ज्ञांची समिती बसवली आणि ‘टी’चा कारभार नव्या नियंत्रण मंडळाकडे दिला. मॅसॅच्युसेट्सात एक चांगली रीत आहे: सोमवारी गव्हर्नर आणि दोन्ही सभागृहांचे प्रमुख एकत्र बसतात, पक्ष कुठलाही असो. बेकरनी ती आठ वर्षं मनापासून पाळली. २०२२ मध्ये स्टीव्ह काडिश या सहकाऱ्याबरोबर त्यांनी ‘रिझल्ट्स’ नावाचं पुस्तकही लिहिलं. माणसं नीट निवडा, वस्तुस्थिती पाहा, ‘काय करायचं’पेक्षा ‘कसं करायचं’ यावर डोकं चालवा, शेवटपर्यंत पिच्छा सोडू नका, हे त्याचं सार. एखाद्या मामलेदारानं निवृत्तीनंतर लिहावं तसं कोरडं आणि बरंचसं खरं.

नियतीला पुस्तकं आवडत नसावीत. त्याच २०२२ च्या जुलैमध्ये ‘टी’च्या ऑरेंज लाइनवरच्या गाडीनं मिस्टिक नदीच्या पुलावर पेट घेतला. उतारू खिडक्यांतून बाहेर पडले आणि एका बाईनं सरळ नदीत उडी मारली. ऑगस्टमध्ये ती अख्खी मार्गिका तीस दिवस बंद ठेवून दुरुस्ती करावी लागली. आठ वर्षं ‘कसं करायचं’ यावर काम केलेल्या गव्हर्नरच्या कारकिर्दीचे हे शेवटचे महिने. जाताना बेकर लोकप्रिय होते. ‘टी’ मात्र हाती आली होती तशीच, कदाचित थोडी वाईट.

दुसऱ्या राज्यांतल्या कथा अशाच, अर्ध्या गोड. मेरीलँडचे रिपब्लिकन गव्हर्नर लॅरी हॉगन यांनी करोनाच्या पहिल्या लाटेत दक्षिण कोरियाहून पाच लाख चाचणी-संच आणवले. पत्नी युमी या कोरियन वंशाच्या. बोलणी त्यांच्या ओळखीतून आणि मातृभाषेतून झाली. १८ एप्रिल २०२० रोजी विमान उतरलं तेव्हा नवरा-बायको दोघं धावपट्टीवर हजर. देशभर कौतुक. पुढे उघड झालं की ते संच कामाचे नव्हते आणि आणखी पंचवीस लाख डॉलर मोजून ते गुपचूप बदलून घेतले होते. वॉशिंग्टन हलत नसताना एका गव्हर्नरनं धडपड केली हे खरं, आणि चूक झाकली हेही खरं.

आता एक गोष्ट निर्भेळ. ११ जून २०२३, रविवारची सकाळ. फिलाडेल्फियाच्या ईशान्य भागात पेट्रोलचा टँकर महामार्गावरून उतरणाऱ्या वळणावर उलटला आणि पेटला. चालक गेला. वर आय-९५ हा पूर्व किनाऱ्याचा मुख्य रस्ता. रोज सुमारे एक लाख साठ हजार वाहनं. आगीच्या धगीनं वरच्या पुलाचे पोलादी गर्डर मऊ पडले आणि एक बाजू खाली बसली. किती महिने लागणार, एवढाच प्रश्न होता.

जोश शपिरो पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर होऊन पाच महिने झाले होते. त्यांनी आणीबाणी जाहीर केली, म्हणजे निविदांचा नेहमीचा फेरा टळला. अभियंत्यांनी सुचवलेला तोडगा साधा होता: पूल नंतर बांधू, आधी पोकळी भरून काढू. पण माती घातली तर भार फार. तेव्हा फिलाडेल्फियाजवळच्या एका कारखान्यातून काचेची खडी आणली. टाकून दिलेल्या बाटल्या दळून, भट्टीत फुगवून केलेली. हातात घेतली तर पाव-बिस्किटासारखी हलकी. ती भरून वर डांबर. मजूर तिन्ही पाळ्यांत कामावर. आणि राज्य सरकारनं एक कॅमेरा लावून सगळं काम चोवीस तास दाखवायला सुरुवात केली. ते प्रक्षेपण लोक क्रिकेटच्या कसोटीसारखं बघत बसले. रात्री दोन वाजता रोलर कुठवर आला यावर चर्चा चालायच्या.

शेवटी पाऊस आला. ओल्यावर डांबर बसत नाही. मग मोटारींच्या शर्यतींच्या पोकोनो ट्रॅकवरून एक यंत्र मागवलं: ट्रकवर जेट इंजिन बसवलेलं, शर्यतीआधी धावपट्टी वाळवण्यासाठी असतं ते. जेट इंजिनाच्या झोतानं महामार्ग वाळवला. २३ जूनला वाहतूक सुरू झाली. बारा दिवस.

या बारा दिवसांत शपिरोंचं स्वतःचं काम काय? डांबर त्यांनी ओतलं नाही, खडी त्यांनी शोधली नाही. नियम बाजूला ठेवणाऱ्या कागदावर सही केली, केंद्राचा पैसा येईल याची खात्री करून घेतली आणि आपलं अपयश लोकांना थेट दिसेल असा कॅमेरा लावला. हे तिसरं मला सगळ्यांत मोठं वाटतं.

उलट उदाहरणंही आहेत, आणि ती सांगितल्याशिवाय गव्हर्नरांची आरती पुरी होऊ नये. कॅन्ससचे सॅम ब्राउनबॅक यांनी २०१२ मध्ये आयकर असा कापला की राज्याचा महसूल आटला. याला त्यांनीच ‘जिवंत प्रयोग’ म्हटलं होतं. प्रयोगातले उंदीर म्हणजे सरकारी शाळा आणि रस्ते. २०१७ च्या जूनमध्ये त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या विधिमंडळानं करवाढ मंजूर केली. ब्राउनबॅकनी नकाराधिकार वापरला आणि त्यांच्याच माणसांनी तो उलटवला. पुढच्या वर्षी त्या कट्टर रिपब्लिकन राज्यानं लॉरा केली या डेमोक्रॅट बाईंना निवडून दिलं. २०२२ ची निवडणूक लढवताना केलीबाईंनी टीव्हीवर जाहिरात केली, ती अक्षरशः एका रस्त्याच्या मधोमध उभं राहून: मी ना फार डावीकडे, ना फार उजवीकडे. थोडक्यात वाचल्या, पण पुन्हा जिंकल्या. अन्नधान्यावरचा राज्याचा विक्रीकर त्यांनी टप्प्याटप्प्यानं १ जानेवारी २०२५ पर्यंत शून्यावर आणला. गरिबांच्या आरोग्यविम्याचा विस्तार मात्र वर्षानुवर्षं मागूनही विधिमंडळानं दिला नाही. मधोमध उभं राहिलं की दोन्हीकडची वाहनं थांबतात असं नाही.

केंटकीत डेमोक्रॅट अँडी बशीअर यांची अडचण आणखी गमतीची. तिथं गव्हर्नरचा नकाराधिकार उलटवायला साधं बहुमत पुरतं, आणि विरोधकांकडे त्याहून कितीतरी जास्त आहे. म्हणजे त्यांच्या ‘नाही’ला कायद्यात फारसं वजनच नाही. तरी २०१९ मध्ये पाच हजारांच्या आसपास मतांनी जिंकलेला हा माणूस २०२३ मध्ये पाच टक्क्यांनी जिंकला. मधे टोर्नेडोनं मेफिल्ड गाव जमीनदोस्त झालं, पूर्वेकडच्या डोंगरात पूर आला. बशीअर प्रत्येक वेळी चिखलात दिसले. लोकांनी नकाराधिकार मोजले नाहीत.

आणि आता ज्यांच्याबद्दल माझं मन अजून पक्कं होत नाही ते युटाचे रिपब्लिकन गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स. २०२० च्या निवडणुकीत कॉक्स आणि त्यांचे डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी ख्रिस पीटरसन यांनी मिळून एक जाहिरात केली. दोघं शेजारी उभे राहून सांगतात: आम्हांपैकी कुणालाही मत द्या, निकाल आम्ही दोघंही मानू. मार्च २०२२ मध्ये ट्रान्सजेंडर मुलींना शाळेच्या मुलींच्या संघांतून वगळणारं विधेयक स्वपक्षाच्या आमदारांनी मंजूर केलं. कॉक्सनी सही न करता नकाराधिकार वापरला. सोबत पत्र लिहिलं, त्यात हिशेब मांडला: राज्यात खेळणारे पंचाहत्तर हजार विद्यार्थी, त्यांत ट्रान्सजेंडर चार, त्या चारांतली मुलींच्या संघात खेळणारी एक. एवढ्या मुलांवर एवढा राग कशासाठी, हा पत्राचा सूर. आमदारांनी नकाराधिकार उलटवला.

२०२३ मध्ये कॉक्स देशभरच्या गव्हर्नरांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले आणि ‘नीट भांडूया’ अशा अर्थाची मोहीम त्यांनी हाती घेतली. मतभेद सोडा असं नाही. मतभेद ठेवा पण समोरच्याला माणूस समजा. वर्षभर निरनिराळ्या पक्षांचे गव्हर्नर जोडीजोडीनं अशा जाहिरातींत दिसले. आणि मग? २०२४ च्या सुरुवातीला त्याच ट्रान्सजेंडर लोकांच्या स्वच्छतागृहांवर बंधनं घालणाऱ्या कायद्यावर कॉक्सनी सही केली. जुलैमध्ये, दोन निवडणुकांत ज्यांना मत दिलं नव्हतं त्या ट्रम्प यांना पाठिंबा दिला. ‘नीट भांडूया’ म्हणणाऱ्यानं भांडणच सोडलं, असं त्यांचे जुने चाहते म्हणाले. मलाही त्या वेळी तसंच वाटलं.

१० सप्टेंबर २०२५ रोजी युटातल्या ओरेम इथं विद्यापीठाच्या आवारात उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांची गोळी घालून हत्या झाली. दोन दिवसांनी संशयित पकडल्याचं सांगायला कॉक्स माध्यमांसमोर आले. सूड मागणारी भाषा देशभर सुरू झाली होती आणि ती त्यांच्याच पक्षात जास्त होती. मारेकरी बाहेरचा निघावा अशी आपण प्रार्थना करत होतो, पण तो आपल्यातलाच निघाला, असं ते म्हणाले. हे वाक्य अनेकांना खटकलं, आणि रास्त खटकलं. बाहेरचा म्हणजे कोण? पण त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते त्या आठवड्यात त्या पक्षातून दुसरं कुणी फारसं बोलत नव्हतं: फोन बंद करा, बाहेर पडा, घरच्यांना जवळ घ्या, इथून बाहेर जायची वाट शोधूया. कडव्या मंडळींनी त्यांना नेभळट ठरवलं. जुलै २०२४ चा कॉक्स आणि सप्टेंबर २०२५ चा कॉक्स हा एकच माणूस आहे, हे मला मान्य करावं लागतं.

गव्हर्नरांची ती संघटना १९०८ मधली. थिओडोर रूझवेल्ट यांनी जंगलं आणि नद्या वाचवण्याच्या चर्चेसाठी सगळ्यांना व्हाइट हाउसवर बोलावलं, तिथून सुरू झालेली. २०२५ च्या उन्हाळ्यात मिनेसोटाचे गव्हर्नर वॉल्झ आणि कॅन्ससच्या केली, म्हणजे त्याच रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिलेल्या बाई, तिच्यातून अंग काढून घेत असल्याच्या बातम्या आल्या. ट्रम्प यांच्यापुढे संघटना गप्प बसते ही तक्रार. आणि ऑक्टोबरात संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष, ओक्लाहोमाचे रिपब्लिकन केव्हिन स्टिट, ट्रम्प यांनी टेक्ससचे नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे राखीव सैनिक, इलिनॉयमध्ये पाठवण्याविरुद्ध बोलले. उद्या इलिनॉयनं आमच्याकडे सैनिक धाडले तर आमचे लोक वेडे होतील, असा त्यांचा साधा मुद्दा. फिल स्कॉट यांनी त्याआधीच, ऑगस्टमध्ये, व्हरमाँटचे गार्ड वॉशिंग्टनला पाठवायला नकार दिला होता.

राहिला एक प्रश्न. ही माणसं इतकी लोकप्रिय, तर वॉशिंग्टनला का जात नाहीत? जायचा प्रयत्न करतात आणि आपटतात. टेनेसीचे डेमोक्रॅट फिल ब्रेडेसन २००६ मध्ये गव्हर्नर म्हणून राज्यातल्या ९५ पैकी ९५ काउंट्या जिंकले होते. २०१८ मध्ये सिनेटला उभे राहिले आणि सपाटून हरले. मोंटानाचे स्टीव्ह बुलॉक दोनदा गव्हर्नर. २०२० मध्ये सिनेटला पराभूत. मतदाराच्या डोक्यात दोन वेगळे कप्पे आहेत. गव्हर्नर निवडताना तो चांगला गवंडी शोधतो. सिनेटर निवडताना तो झेंडा उचलतो.

लॅरी हॉगन यांना हे घरातूनच ठाऊक असायला हवं होतं. त्यांचे वडील लॉरेन्स हॉगन १९७४ मध्ये काँग्रेसमध्ये होते आणि निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाची तिन्ही कलमं समितीत उचलून धरणारे एकमेव रिपब्लिकन ठरले. त्याच वर्षी ते मेरीलँडचं गव्हर्नरपद लढवायला निघाले होते. स्वपक्षानं उमेदवारीच दिली नाही. मुलानं ते पद चाळीस वर्षांनी मिळवलं, आठ वर्षं सांभाळलं आणि २०२४ मध्ये सिनेटला उभा राहिला. हॉगन चांगला माणूस, पण त्याला मत म्हणजे सिनेटमध्ये रिपब्लिकन बहुमताला मत, हा प्रतिपक्षाचा प्रचार पुरेसा झाला. जवळपास बारा टक्क्यांनी हरले.

फिल स्कॉटना २०२२ मध्ये सिनेटसाठी गळ घातली गेली होती. ते गेले नाहीत. जुलै २०२३ च्या महापुरात रस्ते बंद झाले तेव्हा ते स्नोमोबाइलच्या पायवाटेनं चालत बाहेर पडले. बंदुकांच्या सहीनंतर त्यांनी चार निवडणुका लढवल्या आणि चारही जिंकल्या. शेवटची ५ नोव्हेंबर २०२४ ची, हॉगन हरले त्याच दिवशीची. व्हरमाँटच्या मतपत्रिकेवर त्या दिवशी अध्यक्षपदासाठी कमला हॅरिस होत्या, सिनेटसाठी बर्नी सँडर्स होते आणि गव्हर्नरपदासाठी स्कॉट. व्हरमाँटात तिघंही जिंकले. हॅरिस आणि सँडर्स यांना प्रत्येकी ६३ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, रिपब्लिकन स्कॉट यांना ७३.